मिक्सर बंद होता तो शुक्रवार

बाई, काल माझी कादंबरी संपली. ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला द्यायची असं मी फार पूर्वी ठरवलं होतं, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी ते बदलावंसं वाटलं नाही. म्हणून शारजातल्या माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला लावून ठेवलेल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. कुकरमध्ये डाळ आहे. अल मजाजच्या या घरातून तळं दिसतं असं एजंटनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. खिडकीशी उभं राहून मान बरीच वाकडी केली की दोन इमारतींच्या फटीत पाण्याचा एक तुकडा खरंच दिसतो. तुम्ही असतात तर एजंटला परत बोलावून त्याची मान वाकडी करायला लावली असतीत.

तुम्ही भेटलात तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. सांगली सोडून तीन वर्षं झाली होती. दिवसभर बर दुबईतल्या एका ट्रेडिंग कंपनीत टाइल्सची कोटेशन्स टाइप करायची आणि संध्याकाळी करामा भागातल्या एका खोलीत चौघीजणींनी एकमेकींच्या पायात पाय घालून राहायचं, असं चाललं होतं. तुमचा मुलगा समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामाला, आठवडेच्या आठवडे घरी नसायचा. मनखूलच्या त्या फ्लॅटमध्ये तुम्ही एकट्या, म्हणून सोबतीला नोकरी करणारी एखादी मुलगी हवी होती. मी खोली बघायला आले आणि तुम्ही मला खोली दाखवलीच नाहीत. दारातच विचारलंत, "मासे खातेस?" मी म्हटलं, खाते. "आणि मोकळ्या वेळात काय करतेस?" दुबईत मला हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. सगळे पगार विचारायचे, नाहीतर लग्नाचं. मी बोलून गेले, "लिहिते." रत्नागिरीकडच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेली ती नजर माझ्यावरून वरपासून खालपर्यंत फिरली आणि तुम्ही म्हणालात, "बरं. पण मला भांडी घासणारी लेखिका हवी. नुसत्या लेखिका मी पुष्कळ बघितल्यात."

तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारी असायची. शुक्रवारी सकाळी तुमच्या हॉलमध्ये मराठी मुलांचा वर्ग भरायचा. सतरंजीवर बसलेली ती गुबगुबीत मुलं, बाहेर गाडीत पेपर वाचत थांबलेले त्यांचे बाप, आणि तुम्ही हातात पट्टी घेऊन उभ्या. ती पट्टी तुम्ही कधी कुणाला मारली नाहीत, फक्त खांदा खाजवायला वापरलीत. मुलं तुमच्याशी इंग्रजीतच बोलायची. एकदा एका मुलीनं हात वर करून सांगितलं होतं, "बाई, आय नो द आन्सर, बट आय नो इट इन इंग्लिश." तुम्ही म्हणालात, "मग ते उत्तर अजून अर्ध्या रस्त्यात आहे. पोचलं की सांग." आणि बारा वाजले की पट्टी कपाटावर टाकून "खलास! यल्ला, घरी पळा!" एवढे दोन अरबी शब्द तुम्ही इथे येऊन शिकलात आणि तेवढ्यावर मासळीबाजारापासून डॉक्टरांपर्यंत सगळा कारभार उरकलात.

मुलांचा वर्ग सुटला की स्वयंपाकघरात माझा वर्ग भरायचा. तुम्ही ओट्याशी, पाठ माझ्याकडे, सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ लावताय. मी टेबलाशी बसून आठवडाभरात लिहिलेलं मोठ्यानं वाचते आहे. तुम्ही कधीही "चांगलं नाही" असं म्हणाला नाहीत. जमलेलं असलं की तुमचे हात नेहमीसारखे चालू राहायचे. फार जमलेलं असलं की क्षणभर थांबायचे; ते थांबणं मला अख्ख्या आठवड्याला पुरायचं. आणि मी कुठे पोकळ लिहिलं, उसनं रडू आणलं, की तुम्ही शांतपणे मिक्सरच्या भांड्यात खोबरं आणि मिरच्या घालून मिक्सर लावायचात. त्या आवाजात माझं वाक्य बुडून जायचं. मिक्सर थांबला की मागे न वळता विचारायचात, "हं. पुढे?" मी ते वाक्य खोडायचे. आपल्याकडे तेव्हा फार खोबरं लागायचं.

नाटकाचं तुमच्याच डोक्यात आलं. इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाला दर वर्षी तेच जुनं फार्सिकल, त्यात तेच पुरुष बायकांची लुगडी नेसून धडपडायचे. त्या वर्षी तुम्ही कमिटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून जाहीर केलंत की आपल्या घरात एक लेखिका राहते, आणि नाटक ती लिहील. कमिटीचे साहेब घाईघाईनं म्हणाले, "बाई, सीरियस नको हो. पब्लिक आठवडाभर साइटवर उन्हात राबून येतं. लाइट काहीतरी ठेवा ना, बच्चालोग पण असतात." तुम्ही म्हणालात, "पब्लिकला रडायला पण सुट्टीच लागते, साहेब. इतर दिवशी वेळ कुठे असतो?" विषय तिथेच मिटला.

मला काय लिहायचं ते शाळेत असल्यापासून माहीत होतं. आमच्या गावच्या वाचनालयात शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा मासिकाचे बांधलेले अंक होते, धूळ खात. त्यात एक लेख होता, फार धीट आणि थोडा खट्याळ, आणि खाली नाव नव्हतंच, नुसतं 'एक स्त्री'. मी पुढचे अंक उलगडून बघितले. तिचे आणखी तीन-चार लेख सापडले आणि मग ती थांबली. का थांबली हे कुठेच नव्हतं. ती बाई माझ्या डोक्यातून गेली नाही. माझ्या नाटकात मी तिला एक बालविधवा केलं. भावानं चोरून लिहाय-वाचायला शिकवलेली, माजघरात बसून लिहिणारी. तिचे लेख छापणारा एक तरुण संपादक, सुधारक, पहिली बायको वारलेला. सभांमधून विधवाविवाहावर टाळ्या घेणारा. तो तिच्या भावाकडे येतो, पडद्याआडून तिच्याशी लेखांवर वाद घालतो, आणि मग दोघांनाही कळतं की हे नुसतं लेखांचं राहिलेलं नाही. लेखिकेचं काम मीच करावं असं तुम्ही फर्मावलंत. आणि संपादकाचं काम त्यानं केलं.

त्याचं वेगळं काय सांगू, तुम्ही त्याला कितीदा आमटीभात वाढला होतात. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत बांधकामाच्या खर्चाचा अंदाज काढणारा एस्टिमेटर, साताऱ्याचा, उंच, आवाज भरदार. तालीम संपली की त्याच्या गाडीतून मला मनखूलला सोडायचा. सिग्नलला गाडी थांबली की माझ्या नाटकातली वाक्यं म्हणून दाखवायचा. माझी वाक्यं दुसऱ्या कुणाला पाठ आहेत, ही गोष्ट डोकं फिरवायला पुरेशी असते. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. एकदा म्हणाला, "तुझ्याइतकं सीरियसली लिहिणारी मुलगी मी बघितली नाही. लग्नानंतर पण लिहायचं हं, सोडायचं नाही." कुणाशी लग्नानंतर, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण मला ते सांगितल्यासारखंच वाटलं. तो मला आवडत होता, बाई. खूप आवडत होता. तुमच्यासमोर मी कधी कबूल केलं नाही आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत, फक्त तो यायचा असला की तुम्ही मासे जास्त आणायचात.

तिसरा अंक लिहायचा बाकी असताना त्याची ॲन्युअल लीव्ह आली. इथल्या एकट्या पुरुषांची ही सुट्टी म्हणजे काय ते आपण किती वर्षं बघत होतो. महिनाभर गावी जायचं, पहिल्या आठवड्यात मुली बघायच्या, दुसऱ्यात पसंती, तिसऱ्यात लग्न, चौथ्यात देवदर्शन, आणि परत येऊन ऑफिसात पेढे. आपण दोघी त्यावर किती हसलो होतो. तो म्हणाला, "आईशी बोलतो. तू टेन्शन घेऊ नको. इन्शाल्ला, सगळं नीट होईल." जाताना माणसानं प्रत्येकाला विचारायचं की येताना काय आणू, ही इथली रीतच. त्यानं मलाही विचारलं. मी म्हटलं, लेखिकेसाठी नऊवारी आण, पुण्याहून, पांढरी नको, मळखाऊ रंगाची आण. ती लिहिताना शाई सांडते. तो हसला. त्या महिन्यात मी तिसरा अंक मनातल्या मनात लिहून टाकला. संपादक सगळ्या पुण्याच्या विरोधात उभा राहतो आणि तिच्याशी लग्न करतो. शेवटी सनई ठेवली होती.

तो परत आला तो कंदी पेढ्यांचा डबा घेऊन. वर आलाच नाही. लिफ्टशी उभा राहून मला म्हणाला, "माझा नाइलाज होता गं. आईची तब्येत तुला माहितीये. नुसती मुलगी बघायला म्हणून गेलो, आणि घरच्यांनी सगळं फिक्सच करून टाकलं." मग तो पुढे म्हणाला, "तुझी साडी घेतलीये हां. पण माझ्या बॅगेचं वेट जास्त होत होतं. ती हिच्यासोबत येईल, व्हिसा झाला की. आणि नाटक आपण करायचंच. दोन्ही गोष्टी मिक्स नको करायला." पेढ्यांचा डबा मी वर घेऊन आले. तुम्ही डब्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, एक पेढा तोंडात टाकलात आणि म्हणालात, "साखर जास्त घातलीय." मग डबा खाली वॉचमनला देऊन आलात.

मी तिसरा अंक एका बैठकीत लिहिला. मनाशी ठरवलं होतं की हा लिहायचा, तुम्हाला वाचून दाखवायचा, आणि मग लिहिणं बंद. नाटक मंडळानं करावं नाहीतर त्याच्या कागदात भजी बांधावीत. मी सांगलीला जाईन, वडील म्हणतील त्याच्याशी लग्न करीन, आणि कुणी विचारलं तर सांगीन की होय, पूर्वी थोडं लिहायचे. तो शुक्रवार मला अजून दिसतो. मुलांचा वर्ग सुटला आहे. ओट्यावर बांगडे आहेत. मी वाचते आहे. संपादक आईच्या शब्दाखातर एका दहा वर्षांच्या मुलीशी लग्न करून येतो. लेखिकेला म्हणतो, "माझा नाइलाज होता." ते वाक्य मी जसंच्या तसं उचललं होतं. लेखिका आपले सगळे कागद छातीशी धरून मागच्या विहिरीकडे जाते. आधी कागद टाकते, आणि मग स्वतः.

तुमचा हात मिक्सरकडे गेला. तुम्ही बटण फिरवलंत. मिक्सर हूं की चूं करेना. तुम्ही भांडं काढून पुन्हा बसवलंत, प्लग काढून पुन्हा लावलात, हातानं एक थाप दिलीत. काही नाही. घरात अशी शांतता पसरली की खालच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायला लागले. मग तुम्ही पदराला हात पुसलेत आणि आपण एकत्र राहायला लागल्यापासून पहिल्यांदा वाचन चालू असताना माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिलात.

"तिला विहिरीत ढकललंस?" तुम्ही म्हणालात. "का? त्यानं लग्न केलं म्हणून? ती काय त्याच्यासाठी लिहीत होती?"

मी म्हटलं, "त्या काळात बायकांना दुसरा मार्ग नव्हता."

"त्या काळाचं मला सांगू नकोस. त्या काळात ज्या जगल्या त्यांच्या पोटी आपण जन्मलो. विहिरीत गेल्या त्यांच्या नव्हे." मग तुम्ही आवाज उतरवलात. तुमचा उतरलेला आवाज चढलेल्या आवाजापेक्षा वाईट. "आणि ती पोर? दहा वर्षांची नवरी? तिला तू खांबाआड उभी केलीस, कपाळाला मुंडावळ्या बांधल्यास, आणि तिच्या तोंडी एक शब्द दिला नाहीस. अख्ख्या अंकात एक नाही. तिनं काय घोडं मारलंय तुझं?"

मी रडायला लागले होते आणि रागही आला होता. म्हटलं, "तिचं काय एवढं! तिला तर सगळं मिळालंच ना!"

"काय मिळालं?" तुम्ही विचारलंत. मी कागद गोळा करायला लागले. "तिला एक वाक्य दे. एकच दे. मग विहिरीचं काय ते आपण बघू." आणि मग, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, "भात बघ. करपेल." मी उठून भात बघितला. तुम्ही चटणी पाट्यावर वाटावी तशी लाटण्यानं ठेचलीत आणि आपण जेवलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही मिक्सर पिशवीत घालून सत्वा भागातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेलात. चालू करून आणलात, काही न बोलता खोबरं वाटलंत. मी मात्र त्या एका वाक्यापाशी अडले ते अडलेच. त्या पोरीकडे बघायची माझी तयारीच नव्हती. जे जे सुचायचं ते एक तर रडकं व्हायचं, नाहीतर तिला दुष्ट करून टाकायचं. तिसऱ्या अंकाशिवाय तालमी चालू होत्या. तो आपली जुनी वाक्यं भरदार आवाजात म्हणत होता आणि मी पडद्याआडून त्याला उत्तरं देत होते. गाडीतून सोडायला मात्र आता कमिटीचे साहेब यायचे.

मग ती आली, त्याची बायको. तुम्ही नेमक्या मासळीबाजारात, दार मी उघडलं. एकवीस वर्षांची, हातावरची मेंदी फिकट झालेली, उन्हानं लाल झालेली, एका हातात पिशवी. तो खाली गाडीतच थांबला होता. वर यायचा धीर त्याला अजूनही होत नव्हता. "ताई ना?" ती म्हणाली. "तुमची साडी." मी साडी घेतली. मळखाऊ जांभळा रंग, अगदी मी सांगितला तसा. दार लावून घ्यावं असं वाटत होतं. तेवढ्यात जिन्यावरून तुम्ही आलात, तिच्याकडे एकदा पाहिलंत आणि विचारलंत, "मासे खातेस?" झालं. पुढच्या मिनिटाला ती आपल्या स्वयंपाकघरात होती, माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीवर.

तिनं चहा घेतला. मग जरा धीर करून मला म्हणाली, "ताई, तुम्ही नाटक लिहिता असं ह्यांनी सांगितलं. मला वाचायला द्याल? काहीही द्या. इथे घरात वाचायला काहीच नाही, नुसते टाइल्सचे कॅटलॉग." मी म्हटलं, तिकडून पुस्तकं आणायची होतीस की. ती हसली. "आणली होती हो. बॅग भरली होती. पण एअरपोर्टवर वजन जास्त झालं. सासूबाईंनी लोणचं काढू दिलं नाही, आणि तुमची साडी तर द्यायचीच होती. मग पुस्तकं काढली. भाऊ परत घेऊन गेला." हे तिनं कुणावर राग न धरता सांगितलं, उन्हाळा फार आहे म्हणावं तसं. मी साडीकडे बघितलं. मग तुमच्याकडे. तुम्ही ओट्याशी पाठ करून उभ्या होतात आणि तुमचे हात थांबलेले होते.

त्याच दिवशी मी तिसऱ्या अंकाचा शेवट लिहिला. लेखिका कागद घेऊन विहिरीशी येते. मागून ती दहा वर्षांची नवरी येते, शेजारचंच घर तिचं, सासूची नजर चुकवून आलेली. ती विचारते, "माझी पाटी माहेरीच राहिली. तुमची द्याल?" लेखिका विहिरीच्या कठड्यावर बसते, तिला शेजारी बसवते आणि स्वतःच्या कागदातला एक कोरा कागद काढून तिच्या मांडीवर ठेवते. पडदा. मी ते वाचलं तेव्हा मिक्सर अगदी ठणठणीत होता, आणि तुम्ही तो लावला नाहीत.

पुढची धांदल आठवली की अजून हसू येतं. नवरीचं काम अर्ध्या रस्त्यात उत्तर असणाऱ्या त्या मुलीला दिलं, आणि तिनं पहिल्याच तालमीत विचारलं, "बाई, व्हॉट इज पाटी?" सगळा मीना बाजार पालथा घातला तरी पाटी मिळेना. शेवटी तुम्ही आपला भाजी चिरायचा लाकडी बोर्ड कुणा रंगाऱ्याकडून काळा रंगवून आणलात आणि पोरीसमोर धरलात, "ही पाटी. हिच्यावर मी कालपर्यंत दुधी चिरत होते. आता तू शीक." प्रयोगाच्या दिवशी शारजातल्या त्या शाळेच्या वर्गात, आमच्या ग्रीनरूममध्ये, नऊवारी कुणालाच नेसवता येईना. मंडळातल्या सगळ्या बायका पिना तोंडात धरून माझ्याभोवती गोल फिरत होत्या. शेवटी त्याची बायकोच पुढे आली. "सरका. मला येतं, आत्यानं शिकवलंय." गुडघे टेकून तिनं माझा काष्टा घातला, निऱ्या नीट केल्या. तिचं डोकं माझ्या पोटाशी होतं. त्या घटकेपर्यंत माझ्या मनात तिच्याबद्दल थोडं विष उरलं होतं, बाई. ती उठली आणि म्हणाली, "आता कितीही पळा, सुटणार नाही." तेव्हा ते गेलं. मला ते जाताना जाणवलं.

तिसऱ्या अंकात त्याच्या तोंडी ते वाक्य आलं. "माझा नाइलाज होता." तालमीत त्यानं ते शंभरदा म्हटलं होतं. त्या दिवशी भरल्या हॉलसमोर, नऊवारीतल्या माझ्याकडे बघून, "माझा" म्हणाला आणि थांबला. इतका थांबला की तुम्ही विंगेतून कागदावर बोट ठेवून वाक्य पुरवायला लागलात. मग कसंबसं म्हणाला. लोकांना वाटलं काय अभिनय करतो, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी पोर आली, "माझी पाटी माहेरीच राहिली. तुमची द्याल?" असं एकदाही न अडखळता म्हणाली, आणि हॉलमध्ये मागे उभे असलेले साइटवरचे लोक, आठवडाभर राबून आलेले, नाक ओढायला लागले. पडदा पडला. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "खलास."

त्यानंतर मी लिहिणं सोडायची गोष्ट काढली नाही. पुढे दोन वर्षांनी तुमच्या मुलाची बदली झाली आणि तुम्ही गावी परतलात. सामान बांधताना मिक्सर माझ्या टेबलावर ठेवलात. "हा तुझ्याकडे राहू दे. इथला प्लग तिकडे बसत नाही." नंतरच्या पावसाळ्यात तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात कोटेशन टाइप करत होते, ते पूर्ण केलं, पाठवलं, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. लग्न मी केलं नाही. एक-दोनदा वाटलं, जमलं नाही, त्याचं फार दुःख झालं नाही. ती माझी मैत्रीण झाली. ते दोघं आता डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतात आणि तुमचा मराठीचा वर्ग ती घेते, तुमच्यासारखा, फक्त पट्टी न घेता. तो तिचं ऐकून मला 'ताई' म्हणतो, आणि त्याची मला अजून मजा वाटते. एकदा ती मला म्हणाली होती, "ताई, ते 'माझा नाइलाज होता' तुम्ही लिहिलेलं नाही, हे मला पहिल्या तालमीलाच कळलं होतं. आमच्या घरी ते रोज ऐकू येतं."

तुम्ही त्या पोरीसाठी एक वाक्य मागितलं होतंत. ते एकावर थांबलं नाही. ही कादंबरी संपादकाची नाही, त्या लेखिकेचीही नाही. पहिल्या पानापासून ती दहा वर्षांची नवरीच बोलते, वाढते, लिहायला शिकते, आणि शेवटी 'एक स्त्री' न लिहिता खाली स्वतःचं नाव घालते. तिची तीनशेच्या वर पानं झाली आहेत. पुण्याच्या एका प्रकाशकानं पहिला अर्धा भाग वाचून बाकीचा मागवला आहे. छापेल की नाही ते त्याच्याकडे. पण काल शेवटचं प्रकरण मी मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती ओट्याशी उभी होती, पाठ माझ्याकडे, तुमचाच मिक्सर समोर. तिनं तो दोनदा लावला. ती दोन्ही पानं मी खोडली, आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं. शेवटच्या पानाला मात्र तिचे हात थांबले.

डाळ झाली. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि तुम्ही असतात तर समोरच बसवून वाचायला लावलं असतंत. एक सांगायचं राहिलं. इथल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये बोटाच्या पेराएवढा एक फ्यूज असतो. त्या शुक्रवारी तुम्ही हॉलमध्ये वर्ग घेत होतात तेव्हा मी मिक्सरचा प्लग उघडून तो काढून घेतला होता. मिक्सर बिघडलेला नव्हता, बाई. त्या दिवशी मला तो आवाज सोसला नसता. आत फ्यूजच नाही हे सत्व्यातल्या दुकानदारानं नवा घालताना तुम्हाला सांगितलंच असणार, आणि तरी तुम्ही कधी विषय काढला नाहीत. तो जुना फ्यूज अजून माझ्या बटणांच्या डब्यात आहे. काल वाचायला बसण्याआधी मी प्लग उघडून बघितला. फ्यूज जागेवर होता.